फिल्टरशेजारची झडप

पेट्रोल स्वस्त होतं तेव्हाची गोष्ट. एका लाल स्पोर्ट्स कारमध्ये तेल गाळणारा फिल्टर होता आणि शेजारी त्याची बहीण, झडप. फिल्टर तुंबला, तर तेल न गाळताच पुढे इंजिनमधल्या बेअरिंगकडे सोडायचं, हे तिचं काम. मालक रोज बॉनेट पुसायचा, फिल्टर मात्र कधी बदलत नसे. शेवटी तो तुंबलाच.

"ताई, उघडू नकोस. घाण बेअरिंगच्या अंगात जाईल."

"नाही उघडले, तर ते आत्ताच कोरडं पडून मरेल, भाऊ."

झडप उघडली. गाडी सुसाट धावत राहिली, म्हणून मालकाला काही कळलंच नाही. काळ्या तेलाने बेअरिंग झिजत गेलं.

"तुझ्यामुळे एवढे दिवस मिळाले, ताई," म्हणत एके दुपारी ते गेलं आणि गाडी जागीच बंद पडली.

त्या दुपारी मालकाने पहिल्यांदा बॉनेट उघडलं.