कोंब खुडलेली मुळी

एकदा एक वृद्ध आजी दूर उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या सरोवराकाठी राहत होती. अनिशिनाबे समाजातली ही आजी झाडपाल्याची मोठी जाणकार. काठच्या ओलसर जमिनीत तिने औषधी वनस्पतींची बाग लावली होती. आपण खोकल्याला उगाळून देतो ते वेखंड तिकडेही होते बरे का! मागेल त्याला आजी मुळी देई आणि बजावून सांगे, "अर्धी वापरा, अर्धी लावा."

मुळ्या वाटण्याचे काम तिच्या शिष्येकडे होते, आणि तिथेच माशी शिंकली. घरोघरी वेखंड झाले तर उद्या आपल्याला कोण विचारणार? विद्या अशी खिरापतीसारखी वाटतात का कुठे? म्हणून मुळी देण्याआधी ती कोंब हळूच खुडून टाकी. औषधापुरती मुळी चाले, पण लावली तर काही केल्या रुजत नसे. लोक बिचारे म्हणत, आमच्या हातालाच गुण नाही.

एका वर्षी सरोवराचे पाणी चढले आणि बाग वाहून गेली. वेखंडाचा एकच गड्डा उरला. नेमका तेव्हाच शिष्येचा लहानगा खोकल्याने बेजार झाला. त्याची धाप पाहून तिच्या तोंडचे पाणी पळाले. ती बागेत धावली, गड्ड्याला हात घातला, तोच आजीने तिचे मनगट धरले.

"त्याला हात नाही लावायचा! आपली रीत विसरलीस? पहिल्या रोपाला चिमूटभर तंबाखू वाहायची आणि पुढचं शोधायचं."

"आजी, पोर धापा टाकतंय माझं! रीत कसली घेऊन बसलीस?"

"अगं, गावभर वाटलंय ना आपण? जा, कुणीही देईल."

शिष्येचा चेहरा पांढराफटक पडला. आजीला काय ठाऊक! ती पळत सुटली. पहिल्या दारी उत्तर मिळाले, "तू दिलेली रुजलीच नाही गं." दुसऱ्या दारी तेच, तिसऱ्याही दारी तेच. पोराचा खोकला तिच्या कानांत घुमत होता. शेवटी एकच घर उरले. तिथल्या बाईला तिने "तुला काय जमणार!" म्हणून हात हलवत परत पाठवले होते.

त्या घरामागे वेखंड कमरेएवढे माजले होते. आजीने स्वतः नेऊन दिलेले. बाईने मागचे काही काढले नाही. तिने पहिल्या रोपाला तंबाखू वाहिली, मागची एक मुळी उपटून शिष्येच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "अर्धी पोराला दे, अर्धी लाव. कोंब तेवढा जप हं, रुजतो तो तोच."

शिष्येला रडू कोसळले.

पोराला उतार पडल्यावर तिने आजीपुढे सारे कबूल केले. 

"पहिल्याला हात लावू नये, कारण पुढे आणखी आहे की नाही, हे आधी बघायचं असतं," आजी म्हणाली. "आणि पुढे आणखी असावं, ही तजवीज आपणच करायची असते. माझ्या एकटीच्या वाफ्यातलं औषध एका पुरात वाहून जातं, पोरी. लोकांच्या दारचं तेवढं आपलं."

शिष्येने राखून ठेवलेली अर्धी मुळी उचलली. स्वतःच्या अंगणात न लावता ती त्या पहिल्या दारी गेली. या वेळी मुळी कोंबासकट होती.