निळ्या पट्ट्याची मासोळी

समुद्र आजच्याइतका खारट नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. प्रवाळाच्या एका बेटाशी निळ्या पट्ट्याची बोटभर मासोळी राहायची. मोठे मासे तिच्यापुढे रांग लावून जबडे उघडत आणि ती आत शिरून दातांतली घाण, कल्ल्यांतल्या उवा वेचून खाई.

एकदा हुबेहूब तशाच पट्ट्याचा एक लबाड मासा तिथे आला. हेकरू नावाच्या धिप्पाड माशाने विश्वासाने जबडा उघडला, तर त्या लबाडाने कल्ल्याचा लचका तोडून पळ काढला. हेकरूने राग काढला तो मासोळीवर. "निळ्या पट्ट्यांची जातच चोर!" म्हणत त्याने तिला हाकलून दिलं.

महिन्याभरात त्याचे कल्ले उवांनी बुजले. श्वास कोंडला, तसा तो तिला शोधत आला आणि जबडा वासून म्हणाला, "झालं गेलं विसर, बाई. तुम्ही दिसायला सारखेच. कोणाचीही चूक झाली असती."

मासोळी उसळली. "सारखे? अहो, त्याचं तोंड नाकाखाली लपलेलं, माझं पुढे टोकाला. काल जन्मलेल्या पिलालाही कळेल! इतकी वर्षं रोज तुमच्या दाढांपर्यंत शिरले मी. माझ्या तोंडाकडे एकदा तरी पाहिलंत?"

हेकरूने जबडा मात्र तसाच उघडा ठेवला होता.