द्वारकीचं फडकं

फार वर्षांपूर्वी, शिडाशिवाय होडी हलत नव्हती त्या काळी, खाजणवेळ गावात द्वारकी नावाची बाई राहत होती. तुम्हाआम्हाला वारा अंगाला लागला की कळतो. तिला तो निघण्याआधी कळायचा, असं म्हणतात.

समुद्राच्या तोंडावरच्या टेकाडावर तिनं वेळूची उंच काठी रोवली होती आणि दोरानं वर चढवायचं एक पांढरं फडकं केलं होतं. फडकं कुठे उडतं त्यावरून ती वाऱ्याची दिशा सांगायची, किती उचललं जातं त्यावरून जोर. पण तिची नजर असायची ती हिसक्यांवर. एकसारखा वाहणारा वारा जोराचा असला तरी शीड त्याला सांभाळून घेतं, मध्येच पडून मध्येच हिसका देणारा होडी उलथवतो, असं ती सांगायची. फडकं वर असलं की होड्या निघायच्या, खाली आलं की असतील तिथून परतायच्या.

गावाची एक रीत होती. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की त्या दिवशी फडकं उतरवायचं नाही. उतरवलं तर तुझ्यावर भरवसा नाही, असं दर्याला तोंडावर सांगितल्यासारखं होतं. मोठ्या शहाण्या माणसांनी घातलेली रीत होती ती. दर्याचा मान राखला, माणसांचं काय ते बघायचं राहून गेलं.

एका पौर्णिमेला सकाळी वारा जमिनीवरून येत होता, हलका आणि एकसारखा. द्वारकीनं फडकं चढवलं. नारळ वाहिला, होड्या निघाल्या. पहिल्या होडीत तिचा नवरा लवू होता. होड्या टेकाडाला वळसा घालतात तोच फडकं काठीला चिकटून लोंबलं. मग एकदम ताठ झालं, पुन्हा पडलं. पुन्हा ताठ झालं तेव्हा वारा दक्षिणेकडून येत होता.

तिनं दोराला हात घातला. शेजारी गावातला सगळ्यात वडीलधारा दाजी तांडेल उभा होता.

"दाजी, वारो फिरलो. हिसके येतत."

"द्वारके, नारळ दिललो हा दर्याक. आता फडक्याक हात लावू नको."

त्यानं तिचा हात धरला नाही. होड्या इतक्या जवळ होत्या की लवूचं मुंडासं दिसत होतं. आणि द्वारकीनं दोर सोडून दिला. का सोडला, ते इतक्यांदा ही गोष्ट सांगूनही मला कळलेलं नाही, आणि दर वेळी माझा जीव तळमळतो.

दुपारपर्यंत सगळ्या होड्या बुडाल्या. एकही माणूस परतला नाही.

द्वारकी टेकाडावरून खाली उतरलीच नाही. ती हाक मारायला तोंड उघडायची, आवाज फुटायचा नाही, उलट सगळा वारा तिच्या तोंडातून आत जायचा, असं म्हणतात. खाजणवेळात माडाची झावळी हलेना. चुलीचा धूर सरळ उभा राहू लागला. उरलेल्या म्हाताऱ्यांनी वाळूवर पडून असलेल्या जुन्या होड्या पाण्यात ढकलल्या, तर शिडं लोंबतच राहिली. मग चुलीही विझल्या. वारा सोड म्हणून बायका तिच्या पाया पडल्या, तिला ऐकूच जाईना.

शेवटी दाजी तांडेल काठी टेकत वर गेला. चूक माझी, असं म्हणून त्यानं तिच्यापुढे डोकं ठेवलं. द्वारकीनं मान हलवली.

"दोर माझ्या हातात होतो," ती म्हणाली.

तेवढा आवाज फुटला आणि आत कोंडलेला वारा एकदम सुटला. तो निवला तेव्हा टेकाडावर दाजी होता. द्वारकी नव्हती आणि फडकंही नव्हतं.

आता होड्यांना इंजिनं आहेत, वाऱ्याचा वेग रेडिओ सांगतो. तरी खाजणवेळात नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला की एकही होडी पाण्यात जात नाही. बायका टेकाडावर चढतात, फडकं चढवतात आणि लगेच खाली ओढतात. मग रिकाम्या दर्याकडे तोंड करून, माघारी येवा, माघारी येवा, अशा घसा बसेपर्यंत हाका मारतात. घरचे पुरुष खाली वाळूवरच उभे असतात. त्यांच्यातला कुणीही ओ देत नाही.