हेरंब नावाचा पत्ता

"माई, मीच बांधलेल्या घरात मला माझंच नाव मिळू नये?"

हेरंब उंबऱ्यातूनच बोलला. चपला अजून पायात होत्या.

"आधी चपला काढ," माई म्हणाल्या. त्या भाजी निवडत होत्या. मठात एकट्याच राहत, पण त्यांच्याकडे भजन शिकायला लांबलांबून माणसं येत.

या माणसांसाठी हेरंबनं वेबसाइट काढली होती. प्रत्येक सभासदाला तिथं स्वतःचं पान होतं. मग प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ताही द्यायचं ठरलं. आधी वेबसाइटचं नाव, मग एक तिरकी रेघ आणि रेघेपुढं सभासदानं निवडलेलं नाव. जो आधी मागेल त्याला ते मिळेल, आणि एकदा घेतलं की बदलणार नाही. हा नियमही हेरंबनंच केलेला.

सगळ्यांचे पत्ते लावून देण्यात त्यानं स्वतःचा मागं ठेवला. आपल्यात हेरंब नावाचा दुसरा आहे कोण, या खात्रीत गडी निवांत होता.

एक होता. वेंगुर्ल्याचा हेरंब मेस्त्री, पखवाज दुरुस्त करणारा. त्यानं ते नाव घेतलं, दुकानाच्या पाटीवर पत्ता रंगवला, आणि त्या पत्त्यावरून त्याला कामंही येऊ लागली.

तेव्हापासून आमच्या हेरंबचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भरल्या ताटावरून उठून तो मोबाइलवर मेस्त्रीचं पान उघडे, बंद करी, पुन्हा उघडे. मधल्या वेळात मेस्त्री गाशा गुंडाळून गेला असेल, अशी त्याला आशा वाटत असावी.

दिलेलं नाव काढून घेता येतं का, असं माईंनी विचारलं.

येतं, तो म्हणाला. सगळ्या चाव्या त्याच्याच हातात होत्या. मेस्त्रीला नावापुढं आकडा लावून दुसरा पत्ता देता येईल. फक्त माईंनी हो म्हणावं.

"मग तो आकडा तूच का लावून घेत नाहीस?"

"मी? ... माई, वेबसाइट माझी आहे."

"आणि त्याच्याकडे पखवाज घेऊन येणारी माणसं?"

"शोधतील त्याला."

"आपला तो बाब्या," म्हणत माई हसल्या.

हेरंबला ते हसणं झोंबलं. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, बसला आणि पुन्हा उठला.

"हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. मला झोप येत नाही, माई."

...

"उन्हातून आलास. पाणी घे."

फळीवर स्टीलचे पेले होते. मठाला लोक भांडी देतात, आणि भांडं म्हटलं की त्यावर नाव घातलेलं असायचंच. कुणाच्या लग्नातलं, कुणाच्या बारशातलं. हाताला येईल तो पेला घ्यायचा, ही इथली रीत.

हेरंबनं समोरचा पेला उचलला.

"तो दुसऱ्याच्या नावाचा आहे," माई म्हणाल्या.

त्यानं तो ठेवून शेजारचा घेतला.

"तोही."

"माई, घशाला कोरड पडली आहे."

"मग तुझ्या नावाचा शोध."

त्याला राग आला. तरी तो शोधू लागला. गुणवंताबाई, दगडूशेठ, कुणी चिरंजीव, कुणी सौभाग्यवती. पेल्यावर पेला आदळत होता. घाम कानामागून उतरत होता. पाण्याचा तांब्या हातभर अंतरावर होता, पण आता त्याला पाण्याहून नावाचीच ओढ लागली होती.

अगदी मागच्या पेल्यावर बोटाखाली अक्षरं लागली. हेरंब.

त्याचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. त्यानं पेला सदऱ्याला पुसला, खिडकीच्या उजेडात धरला आणि पूर्ण ओळ वाचली.

कै. हेरंब यांच्या स्मरणार्थ.

...

तो पेला हातात धरून उभाच राहिला.

माई उठल्या. तांब्या घेऊन त्यांनी त्याच पेल्यात काठोकाठ पाणी ओतलं.

"पी. हा हेरंब काही नाव परत मागायला यायचा नाही."