बाजाराच्या आदल्या दिवशीची चोरी

मला एक सांगा. घरातले धान्य कमी पडू लागले तर विश्वास कोणावर ठेवावा? जुन्या माणसावर, स्वतःच्या डोळ्यांवर, की वाण्यावर? हसू नका. वाण्यावर ठेवा असे मीही सांगणार नाही, आणि माझे तर सगळे आयुष्य तागडीमागे गेले. पण एका वाण्याची गोष्ट ऐका, मग ठरवा.

शास्ता, म्हणजे भिक्खूंचा गुरू, विहारात राहत असताना तिथल्या कोठारातले तांदूळ कमी भरू लागले. कोठार पुण्णिल नावाच्या भिक्खूकडे होते. सुनेत्र नावाच्या स्थविराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूने, काही न तपासता त्याच्यावर ठपका ठेवला. ते कानी आल्यावर शास्ता म्हणाला, "भिक्खूंनो, या दोघांचे असे आजच झालेले नाही," आणि त्याने मागच्या जन्मातली ही हकीकत सांगितली.

तगर नगरावर अरिंदम राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथे एका धान्यविक्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव भद्रिक. दुकान लहान होते, पण माप पुरे होते.

दुकानासमोरच एका सार्थवाहाचे घर होते. सार्थवाह म्हणजे तांड्याचा नायक. तो सहा महिन्यांसाठी दक्षिणेला गेला होता. जाताना पत्नी नंदिकेला सांगून गेला होता, "खाणारी तोंडे अकरा. आठवड्याला बारा नाणी मिळतील. तेरावे मागू नकोस." घरात सासू मृगावती होती, आणि वीस वर्षे त्याच चुलीपुढे बसलेली स्वयंपाकीण कुंभिका होती.

तगरात दर सातव्या दिवशी मोठा बाजार भरे. नंदिका दहा नाण्यांत सात दिवसांचे धान्य आणी. पण सहाव्या दिवशी सकाळी मडकी पाहावीत तर रिकामी! मग उरलेली दोन नाणी घेऊन ती भद्रिकाच्या दुकानात येई आणि एका दिवसाचे धान्य पेठेच्या चढ्या भावाने नेई. दिव्याच्या तेलाला काही उरत नसे. पाहुणा आला तर शेजारी हात पसरावा लागे.

तिने काटकसरीचे सगळे उपाय करून पाहिले. ताकात पाणी वाढवले. भाजीत दुधी भोपळा कमी आणि रस्सा जास्त केला. स्वस्त डाळीसाठी दूरच्या पेठेत गेली. अशा काटकसरीवरून मला आमचा एक गिऱ्हाईक आठवतो. दोन पैशांनी स्वस्त वांगी मिळतात म्हणून तो भर उन्हात कोसभर चालायचा आणि घसा सुकला म्हणून तीन पैशांचे ताक पिऊन परतायचा. वर सगळ्यांना वांग्यांचा भाव सांगायचा, ताकाचा कधीच नाही! नंदिकेचेही तसेच झाले. पाय दुखले, पण सहाव्या दिवशी मडकी रिकामीच.

अखेर मृगावतीने निकाल दिला. "सूनबाई, धान्याला काही पाय फुटत नाहीत. चुलीजवळ कोण असते? कुंभिका. या खेपेस मडकी रिकामी दिसली की संध्याकाळी तिने आपले गाठोडे बांधावे."

कुंभिकेला दुसरे घर नव्हते. या वयात नवी चूल कोण देणार? भाकरी थापताना तिचे हात थांबू लागले.

नंदिका दुकानात आली आणि बोलता बोलता सगळे सांगून बसली.

बोधिसत्त्वाने विचारले, "वहिनी, मिरे किती कमी झाले?"

"मिरे? मिरे आहेत की."

"तूप? गूळ? तीळ?"

"ते सगळे जागच्या जागी आहे, दादा. ज्वारी, मूग, तांदूळ, हरभरा, कुळीथ, एवढेच संपते."

बोधिसत्त्व हसला. "मग हा चोर फार भोळा आहे. मूठभर मिरे कमरेला लावून नेले तर महिनाभर पुरेल एवढे मोल हाती येते. ते सोडून हा ज्वारी वाहून नेतो! आणि नेतो तेही बाजाराच्या आदल्या दिवशीच?"

"हो. त्या दिवशी सासूबाई धान्याची सगळी मडकी धुऊन उन्हात घालतात. नवे धान्य कोरड्या मडक्यात पडावे म्हणून."

"धुण्याआधी ती रिकामी कोण करते?"

हे नंदिकेने कधी पाहिलेच नव्हते.

ती गेल्यावर बोधिसत्त्वाची पत्नी आतून म्हणाली, "अहो, काय चालवलेय? दर सहाव्या दिवशी ते घर दोन नाणी आणून देते. चोर सापडला तर ती दोन नाणी कोण आणणार? तुमचा तो चोर?"

"दोन नाणी जातील हे खरे," बोधिसत्त्व म्हणाला. "पण त्यापायी एका म्हातारीची चूल विझली तर माझ्या ताटातला भात मला गिळवेल का?"

"बरे बोलता येते तुम्हाला," ती म्हणाली. "आता आपल्या घरी ताकात पाणी मी वाढवते." पण तिने त्याला अडवले नाही.

सहाव्या दिवशी सकाळी बोधिसत्त्व आपले रिकामे मापटे घेऊन समोर गेला. अंगणात अकरा मडकी उपडी वाळत होती. मृगावती बाजेवर बसली होती. दाराशी कुंभिकेचे गाठोडे बांधून ठेवलेले होते. एवढेसेच होते ते.

"ये भद्रिका," मृगावती म्हणाली. "आलास ते बरे झाले. तूच बघ, पुन्हा रिकामी!"

"काकी, चोर अजून घरातच आहे. बोलावू का त्याला?"

"बोलाव की! तुझे ऐकून येणार असेल तर."

बोधिसत्त्वाने मापट्यात चार दाणे टाकले आणि ते खुळखुळ हलवले.

गोठ्यात काहीतरी धाडकन पडले. मग खुंट्यासकट दावे ओढत पवळी गाय अंगणात आली. पुढ्यातल्या हिरव्या गवताला तिने तोंडही लावलेले नव्हते. घरातली माणसे काटकसरीने वाळली होती. पवळीच्या पाठीवर मात्र माशी घसरून पडावी इतके तेज होते. तिने कोणाकडे पाहिले नाही. सरळ येऊन मापट्यात मुस्कट घातले.

"मेल्या, गोमातेला चोर म्हणतोस?" मृगावती कडाडली.

"मी कुठे म्हणालो? मापटे वाजले, ती आली. काकी, तिला हा आवाज ओळखीचा कसा झाला?"

मृगावती हळू आवाजात म्हणाली, "मडक्यांच्या बुडाशी चार चार दाणे उरतात, रे. जुन्यावर नवे ओतू नये, अशी आमच्या सासूबाईंची शिकवण. म्हणून मी ते सूप भरून पवळीच्या खुराकात, आंबोणात घालते. चार दाणे म्हणजे काही…"

"सूप भरून," बोधिसत्त्व म्हणाला.

मृगावतीने मडकी मोजली. एका मडक्याच्या बुडाशी दोन ओंजळी धरल्या तरी अकरा मडक्यांच्या बावीस होत होत्या. अकरा माणसांचे एका दिवसाचे जेवण!

"काकी, तुमच्या सासूबाईंची शिकवण चांगलीच आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "जुन्यावर नवे ओतले की कीड लागते. पण त्या दिवशी उरलेल्याचे त्या काय करीत?"

मृगावती आठवू लागली. "त्या… त्या निवडत बसायच्या. सूप मांडीवर घेऊन. किडके गाईला. आणि चांगले… अगं बाई! त्या दिवशी मिसळीची पेज असायची! सगळी धान्ये एकत्र, वरून लसणीची फोडणी. नवी नवरी होते मी. चार चार वाट्या प्यायचे!" ती कपाळाला हात लावून हसू लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. "पेज विसरले आणि आंबोण तेवढे ध्यानात ठेवले. म्हणजे चोर मीच की!"

ती बाजेवरून उठली. दाराशी गेली आणि कुंभिकेचे गाठोडे तिने स्वतःच्या हाताने सोडले. "कुंभिके, मी चुकले. पाहिजे तर दोन शब्द ऐकव मला."

कुंभिका डोळे पुसत म्हणाली, "ऐकवीन, बाईसाहेब. आधी पेजेसाठी लसूण सोलून द्या."

त्या आठवड्यापासून नंदिका बाजाराला निघण्याआधी घरात काय उरले ते पाही आणि मगच काय आणायचे ते ठरवी. दर आठवड्याला दोन नाणी वाचू लागली. पवळी पंधरा दिवस रुसली आणि दूधही थोडे कमी झाले, हे सांगितले पाहिजे. सोळा आठवड्यांनी सार्थवाह परतला तेव्हा नंदिकेने त्याच्यापुढे बत्तीस नाणी ठेवली. त्याने त्यातली आठ कुंभिकेला दिली. तांड्याच्या वाटखर्चाचे धान्य तो त्यापुढे भद्रिकाच्याच दुकानातून घेऊ लागला. मात्र बोधिसत्त्व त्या आशेने गेला नव्हता. गेला तेव्हा त्याच्यापुढे फक्त तोटा होता.

एवढे सांगून शास्त्याने नाती जुळवली. "भिक्खूंनो, तेव्हाची कुंभिका म्हणजे आजचा पुण्णिल. मृगावती म्हणजे सुनेत्र स्थविर. नंदिका म्हणजे विहाराला रोज भाजी देणारी उपासिका तिष्या. पवळी गाय म्हणजे कोण, हे कोठाराच्या भिंतीला बिळे पाडणाऱ्या उंदरांना विचारा. आणि भद्रिक वाणी तो मीच." सुनेत्र उठला, पुण्णिलापुढे हात जोडून उभा राहिला आणि मग दोघे मिळून बिळे बुजवायला गेले. स्वतःचा तोटा दिसत असताना नीट पाहून खरे बोलणे, ही प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची पूर्णता.

तर मंडळी, एवढी विनंती करतो. आठवड्याचा हिशोब मांडाल तेव्हा आणले किती, खाल्ले किती आणि वाया गेले किती, हे तिन्ही लिहा. शेवटचा आकडा आपल्याच हातून झालेला असला तरी तो झाकू नका. प्रामाणिकपणे लिहा.