कारलं सोडलेला कॅमेरा

“पण बाई, हा कॅमेरा कमी कशात आहे? तेवढं तरी सांगा!”

निरंजन पोंक्षे आल्यापासून हेच विचारत होता. झेंडेबाई अंजिरांची पाटी पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. पिकलेलं इकडे, कच्चं तिकडे.

बाईंचा उभा जन्म पुण्याच्या कॉलेजात भिंगं कशी घडवावीत हे शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्या पुरंदरात, माहेरच्या अंजिराच्या बागेत येऊन राहिल्या. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता मोठमोठ्या कंपन्यांत कॅमेरे करत होती. कुठं घोडं अडलं की त्यांना बाई आठवायच्या.

निरंजनचं घोडं अडलेलं नव्हतं. निदान त्याचं तसं म्हणणं होतं. तो फक्त आशीर्वाद घ्यायला आला होता.

समोर चटईवर त्याचा कॅमेरा होता. दिवस पुरे न भरता जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांत डोकावणारा. अशा बाळांच्या डोळ्यामागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या कधी कधी वेड्यावाकड्या वाढतात. वेळेत कळलं तर डोळा वाचतो, नाहीतर बाळ जन्माचं आंधळं होतं. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना ते कळतं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सलाही कळावं, म्हणून हा कॅमेरा.

त्याच्या पोटात निरंजनने स्वतः घडवलेला सेन्सर होता. उजेड टिपणारे इतके बारीक आणि इतके दाट ठिपके आजवर त्या मापात कुणी बसवले नव्हते, असं तो छातीठोक सांगे. त्यापायी त्याने पाच वर्षं हाडाची काडं केली होती. बायको त्या सेन्सरला सवत म्हणायची.

“सगळं आहे यात,” तो म्हणाला. “कुठंही तडजोड नाही. सोमवारी कंपनीची समिती बसतेय. तुम्ही नुसतं ‘चांगला आहे’ म्हणा. मग कुणी ब्र काढणार नाही.”

“अंजीर खा,” बाई म्हणाल्या.

त्याने खाल्लं. दुसरं न विचारताच उचललं.

“तुम्ही घ्या ना.”

“मी काशीला सोडलं.”

निरंजनला हसू फुटलं. काशीला जाऊन आलं की खाण्यातली एक गोष्ट जन्मभरासाठी सोडायची, हे त्यालाही माहीत होतं.

“अंजीर? आणि राहता अंजिराच्या बागेत! आमच्या आत्यानं कारलं सोडलं. तिला ते आधीपासूनच आवडत नव्हतं. पुण्यही पदरात पडलं आणि जिभेलाही त्रास नाही.”

“हुशार आहे तुझी आत्या.”

बाईंनी पदराला हात पुसले. कॅमेरा उचलून उलटसुलट पाहिला.

“उजेड कितीसा देतोस डोळ्यात?”

“अगदी थोडा. जास्त दिला तर बाळाच्या डोळ्याला बाधेल.”

“मग शटर जरा जास्त वेळ उघडं ठेव.”

“बाळ हलतं. फोटो फिसकटतो.”

“भिंगाचं तोंड मोठं कर.”

“पडदा वाटीसारखा खोलगट असतो, बाई. मधलं नीट येतं, कडा पुसट होतात. आणि दुखणं सुरू होतं ते कडेलाच.”

“सेन्सरच मोठा घे.”

“मग भिंगंही मोठी लागतात. वजन वाढतं, नर्सचा हात थरथरतो.”

“धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.”

“तेच तर!”

निरंजन खुलला. बाईंच्या तोंडी परीक्षेत एकही प्रश्न न चुकलेला विद्यार्थी पुण्यात दुर्मीळ होता, आणि आपण त्यातले एक आहोत हे तो कधी विसरला नव्हता.

“म्हणून मी त्यातलं काहीच वाढवलं नाही. उजेड थोडा, वेळ थोडा, वजन थोडं. वाढवले ते फक्त ठिपके.”

“तेवढ्याशा उजेडात?”

निरंजन भिंगावरची धूळ रुमालाने पुसू लागला.

“नळाला थेंब थेंब पाणी येतंय. तू खालचं पातेलं काढलंस आणि तिथं चमचे मांडलेस. एकेका चमच्यात पडणार काय?”

“फोटोत दाणे येतात थोडे, वाळू भुरभुरल्यासारखे,” निरंजन म्हणाला. “पण त्याचा बंदोबस्त केलाय. सॉफ्टवेअर ते दाणे पुसून टाकतं. हा बघा ना!”

त्याने लॅपटॉप उघडून बाईंकडे फिरवला. तांबूस, नितळ फोटो होता. कुठं एक डाग म्हणून नाही.

“सुरेख आहे,” बाई म्हणाल्या. “डोळा कसा आहे?”

“म्हणजे?”

“फोटो सुरेख आहे. मी डोळ्याचं विचारतेय.”

…

बागेत कुणीतरी पाण्याची मोटार चालू केली. निरंजनने लॅपटॉप अर्धवट मिटला, पुन्हा उघडला. ही गोष्ट काढायची नाही असं ठरवूनच तो घरून निघाला होता. पण बाईंशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

“डोळा बिघडलेला होता,” तो म्हणाला. “तालुक्याच्या दवाखान्यात चाचणी घेतली, तेव्हाचा हा फोटो. यात काही दिसलं नाही. तिथल्या सिस्टर बाळाला घरी पाठवायला निघाल्या होत्या. नेमके त्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर आले होते. त्यांनी आपल्या यंत्रातून सहज पाहिलं, म्हणून… म्हणून वाचलं.”

“कॅमेऱ्याला का नाही दिसलं?”

“रक्तवाहिनी बारीक होती. दाण्यांबरोबर तीही पुसली गेली.”

“कंपनीत काय सांगितलंस?”

त्याची मान खाली गेली. कॉलेजात असताना ती कधी गेली नव्हती.

“नर्सचा हात थरथरला, असं सांगितलं.”

बाईंनी लॅपटॉप हळूच मिटला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं निरंजनला वाटलं. त्याला मनापासून लाज वाटत होती.

“मुलगी होती,” तो उगाचच म्हणाला. “नावसुद्धा ठेवलं नव्हतं अजून.”

…

“या कॅमेऱ्यासाठी तू काय काय सोडलंस, निरंजन?”

“पुष्कळ सोडलं, बाई. मोठा स्क्रीन सोडला. व्हिडिओ सोडला. रंगांचे चोचले सोडले, वायरलेस सोडलं…”

बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला.

“कारलं,” बाई म्हणाल्या.

निरंजनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी सुंभ जळला म्हणून पीळ जात नाही.

“पण तो सेन्सर सोन्यासारखा आहे हो!”

“असेल. सोन्याची सुरी म्हणून कुणी उरात घालून घेत नाही.”

“चार-चार ठिपके मिळून एक धरता येईल. सेन्सर तोच ठेवायचा, फक्त…”

“चार चमचे एका वाटीत ओतलेस, तर सांडणार किती वेळा?”

“चारदा,” तो पुटपुटला. चार ठिपके एकत्र केले तर चौघांचे दाणेही एकत्र येणार. हे गणित त्याने स्वतःच केव्हाचं मांडलं होतं आणि उत्तर आवडलं नाही म्हणून बाजूला सारलं होतं.

“मोठ्या ठिपक्यांचा मिळतो का कुठं? याच मापाचा?”

“कुठंही मिळतो. जुना माल आहे, कुणी ढुंकून बघत नाही. आमच्याच स्टोअरमध्ये पडलाय.”

“त्यात ती रक्तवाहिनी दिसली असती?”

निरंजनने डोळे मिटले. ठिपके कमी, पण एकेका ठिपक्यात उजेड भरपूर. दाणे नावापुरते, म्हणजे पुसापुशी नाही. रक्तवाहिनी बारीक खरी, पण एवढी बारीक नाही की त्या ठिपक्यांतून निसटेल. त्याने पुन्हा एकदा हिशेब केला. उत्तर तेच आलं.

“दिसली असती,” तो म्हणाला. त्याला एकदम हायसं वाटलं, आणि त्याच घटकेला रडूही आलं.

बाईंनी तळहात पुढे केला.

कशासाठी, ते त्याने विचारलं नाही. पिशवीतून लहानसा स्क्रू-ड्रायव्हर काढला, तिथंच चटईवर मांडी घालून कॅमेरा उघडला. स्क्रू एक-एक करून बाजूला ठेवले. शेवटचा काढताना त्याने जरा वेळ लावला. मग सेन्सर अलगद उचलून बाईंच्या तळहातावर ठेवला.

बाईंनी मूठ मिटली.

“सोमवारी काय सांगशील?”

“आधी सिस्टरांचं सांगेन. हात त्यांचा थरथरला नव्हता, ते.”

“मग?”

“जुना सेन्सर लावून पुन्हा चाचणी मागेन. हसतील मला. पाच वर्षं घालवून हे काय आणलंस म्हणतील.”

त्याने उघडा पडलेला कॅमेरा मांडीवर घेतला. आत जिथं सेन्सर होता तिथं नुसता चौकोन उरला होता.

“भिंगाची आखणी तुम्ही शिकवलेली. बाहेरची डबी दुसऱ्या कुणी केलेली. आता सेन्सरही बाजारातला,” तो म्हणाला. “मग यात माझं असं राहिलं काय, बाई?”

“डोळे वाचलेली पोरं जे जे बघतील, ते.”