पेरूची बाग आणि अठरा वर्षांची भिंत

डोंगर उतरून आलेली नदी जिथं पहिलं मोठं वळण घेते, तिथल्या एका गावात एक पाथरवट राहत होता. जाती, पाटे, उंबरठे घडवण्यात त्याचं तारुण्य गेलं. त्या कमाईतून त्यानं नदीकाठी पेरूची बाग लावली. नवरा-बायको दोघंच. झाडांनाच ती दोघं लेकरं मानायची.

पण बाग वळणाच्या बाहेरच्या अंगाला होती. दर पुरात नदी वळताना त्याच काठावर आदळायची आणि काठ थोडा थोडा खायची. पहिल्या वर्षी दोन झाडं गेली, दुसऱ्या वर्षी पाच. पाथरवट म्हणाला, "माझ्या हातात घण आहे, मी कशाला रडत बसू?" आणि त्यानं काठाला दगडी भिंत घालायला घेतली.

ती भिंत घालता घालता अठरा वर्षं गेली. उन्हाळाभर खाणीतून दगड आणायचे, रचायचे. पावसाळ्यात नदी त्यातले काही काढून न्यायची. पाणी ओसरलं की पुन्हा खाण, पुन्हा दगड. बाग वाचली, पण माणूस पार थकला. उजवा खांदा वर जाईना. भाकरीही तो डाव्या हातानं मोडायचा. झाडाखाली घटकाभर बसून पेरू खाल्ल्याचं त्याला आठवत नव्हतं. कुणी विचारलं, "कसं चाललंय?" तर तो एवढंच म्हणायचा, "चाललंय, दगड उचलणं."

चैत्रातल्या एका दुपारी तो असाच दगड बसवत होता. तेवढ्यात उन्हाळ्यानं आटलेल्या पात्राच्या वाळूतून एक बाई चालत आली. वय झालेलं, पायांना भेगा, काखेत लहानसं गाठोडं. तिनं भिंतीवरून हात फिरवला आणि तिथंच खाली बसली.

"दादा, घोटभर पाणी मिळेल का?"

पाथरवटाच्या बायकोनं तांब्या भरून दिला. बाई सावकाश प्याली.

"कुठून आलात?" पाथरवटानं विचारलं.

"खालच्या वाडीहून. पलीकडच्या काठाला आहे. पहाटेची चालतेय, नदी धरून वर."

"एवढ्या उन्हात? कशासाठी?"

"नदीनं आमच्यावर का डूख धरलाय, ते बघायला," बाई म्हणाली. "पूर्वी ती आमच्या अंगणाखालून गुमान जायची. आम्ही तिच्या वाळूत कलिंगडं लावायचो. आता दहा-बारा वर्षं झाली, दर पुराला सरळ आमच्या काठावर येऊन धडकते. सात घरं गेली. पिण्याचा आड गेला. म्हटलं, वर काहीतरी झालं असणार."

तिनं मूठभर वाळलेली पानं गोळा केली आणि भिंतीच्या वरच्या बाजूला जाऊन, भिंतीलगत अजून वाहत असलेल्या धारेत सोडली. तिघंही बघत राहिली. पानं वाहत आली, भिंतीवर आपटली, वळली आणि तिरकी होऊन वेगानं पलीकडच्या काठाकडे निघून गेली.

"तुम्ही नदी थांबवली नाहीत, दादा," बाई हळूच म्हणाली. "आमच्याकडे धाडलीत."

पाथरवट उसळला. "मग काय, माझी बाग वाहून जाऊ देऊ?"

"ते मी कोण सांगणार? तुमची बाग मी पाहिली. तुम्ही एकदा आमची वाडी बघा, एवढंच मागते." ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आल्या वाटेनं निघून गेली.

तीन दिवस पाथरवटानं काम सोडलं नाही. दगड उचलत राहिला. चौथ्या दिवशी सकाळी घण खाली ठेवून तो नदी धरून खाली गेला.

वाडीत काठ कड्यासारखा तुटला होता. अर्ध्या पडलेल्या घरांच्या चुली कड्याच्या टोकावर उघड्या पडल्या होत्या. एक म्हातारा आपली खाट ओढत घराच्या आतल्या बाजूला नेत होता. पाथरवटानं हात लावला.

"दर साली थोडी मागं घ्यायची," म्हातारा म्हणाला. "आता मागची भिंतच पुढची झालीय. बसा पाहुणे, भाकरी खा. काय काम करता?"

पाथरवटानं हातातली भाकरी खाली ठेवली. "दगडाचं," तो म्हणाला.

"चांगलं काम. दगड कुणाचं वाईट करत नाही."

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली. मग म्हणाली, "अठरा वर्षं मी तुमच्या हातातला घणच बघतेय. मला तरी कुठं ते पेरू गोड लागले?"

"भिंत काढली तर बाग जाईल."

"सगळी नाही जाणार."

"अर्धी जाईल, अगं."

"अर्धी जाईल," बायको म्हणाली आणि तिनं कोपऱ्यातली पहार आणून त्याच्यापुढं ठेवली.

दोघांनी भिंत काढायला घेतली. गाव हसलं. "म्हातारपणी डोकं फिरलं," असं तोंडावर म्हणालं. पाथरवट दगड काढत राहिला. त्यानं वाडीला निरोप धाडला, 'दगड न्या, नवा आड बांधा.' वाडीची माणसं पात्रातून बैलगाड्या घेऊन आली. खाटेचा म्हाताराही आला. ती लांबलचक भिंत आणि तिच्यापाशी उभा असलेला पाथरवट त्यानं पाहिला. बराच वेळ तो त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग एक शब्द न बोलता दगड उचलायला वाकला. पाथरवटाला वाटलं, यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आषाढात पूर आला. नदी काठ फोडून बागेत शिरली. नवरा-बायको उंचवट्यावर बसून बघत होती. एकेक झाड कलायचं, मुळं दाखवायचं आणि जायचं. बायको रडली. पाथरवट नुसता बसून राहिला. तेवीस झाडं गेली. पण पसरायला जागा मिळाली तसा पाण्याचा जोर कमी झाला. बागेमागच्या पडीक, सखल जमिनीत ते शिरलं, उथळ झालं, संथ झालं. ओसरलं तेव्हा जमिनीवर वीतभर काळाभोर गाळ ठेवून गेलं. खाली वाडीच्या काठाला त्या वर्षी पूर नुसता घासून गेला. एकही घर पडलं नाही.

पुढच्या सालांत सखलातलं पाणी माघापर्यंत टिकू लागलं. तिथं लव्हाळी उगवली, बगळे उतरू लागले. मुरलेल्या पाण्यानं गावातल्या विहिरींना वैशाखातही पाझर राहिला. उन्हाळी वाऱ्याची पूर्वीची झळ कमी झाली, असं बायका पाणी भरताना म्हणू लागल्या. उरलेली झाडं फळांनी वाकली. पाथरवटाचा खांदा काही बरा झाला नाही, आणि गेलेली तेवीस झाडंही त्याच्या मनातून गेली नाहीत.

एका ज्येष्ठात, आभाळ भरून आलं असताना, वरच्या मळ्याचा धनी धावत आला. "नदी माझाही काठ खातेय. तुझ्याइतकी पक्की भिंत कुणाला जमत नाही. एक घालून दे."

पाथरवट ओसरीवर आडवा पडला होता. तो उठला नाही.

"भिंत नाही घालणार," तो म्हणाला. "नदीला कुठून जागा सोडायची, ते मात्र येऊन दाखवीन. तुझंही थोडं जाईल, आधीच सांगतो. पण उद्या येतो. आज दमलोय."

त्यानं कूस बदलली. बाहेर पाऊस सुरू झाला, आणि पाथरवटाला गाढ झोप लागली.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपल्या काठावरून परतवलेलं पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी घरावर जातं, त्याला जागा दिली तर आपलं थोडं जातं, पण सगळ्यांचं राहतं.